तीन किलोवॅटची तूट

ऑफिसात तिला सगळे दशांश म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नसे. मोटर किती शक्तीची लागेल असं कोणी विचारलं की बाकीचे हवेत बोट फिरवून ‘असेल पंधरा-वीस’ म्हणत. ही वही उघडून दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देई. चोवीस वर्षं ती हेच करत आली होती: पाणी किती, उंची किती, वाटेत वाया किती जातं आणि एवढं सगळं वर चढवायला वीज किती लागेल. तिच्या दृष्टीने जगात इतकं सरळ दुसरं काही नव्हतं. पाणी आपणहून फक्त खाली जातं. वर न्यायचं तर कोणीतरी जोर लावावा लागतो, आणि तो जोर मोजता येतो.

आईला जाऊन सात महिने झाले होते. एकोणीस वर्षं घरात दोघीच. शेवटची सहा वर्षं तर आई अंथरुणातच होती, त्यामुळे दिवसाचा प्रत्येक तास कशाने ना कशाने बांधलेला असायचा. आता संध्याकाळी कुलूप काढून आत शिरलं की सकाळी कप जिथे ठेवला तिथेच असे. भावाचा दर रविवारी फोन येई. ‘ताई, जेवलीस का?’ असं विचारून तो उत्तराची वाट न बघता मुलांच्या शाळेवर घसरे. तीही त्याला अडवत नसे.

म्हणूनच नदीकाठच्या जुन्या पंपघराचं काम आलं आणि बाकीच्यांनी आठवडाभर बाहेर राहायचं म्हणून कानावर हात ठेवले, तेव्हा ती निमूटपणे बॅग भरून निघाली.

काम साधं होतं. जुनी मोटर काढून नवी बसवायची होती. ती किती शक्तीची हवी, ते हिने सांगायचं.

पंपघर दगडी जोत्यावर होतं, वर पत्रे. आत तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास. मधोमध पंप, त्याला जोडलेली पंधरा हॉर्सपॉवरची मोटर. तिच्यावर हिरव्या रंगाचे इतके हात चढलेले की नावाची पट्टी त्यात बुजून गेली होती. मागे टेकडी, टेकडीवर वस्ती, वस्तीच्या कडेला टाकी. पंपघराच्या दारापासून थेट टाकीपर्यंत दगडी पायऱ्या होत्या. वस्तीला मागच्या बाजूने गाडीरस्ता झाल्यापासून त्या पायऱ्यांनी कोणी येत-जात नसे, असं तिला ऑफिसात सांगितलं होतं. पण पायऱ्यांवर गवताची काडी नव्हती, आणि प्रत्येक पायरी मधोमध पावलाएवढी खोल झिजली होती.

पंप चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे होते. पंपघरालाच लागून त्यांची खोली. एकटेच राहत. बोलणं मोजकं, तिने चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर मिळे. सकाळी सहाला मोटर चालू, दुपारी बाराला बंद, चाळीस वर्षं हाच क्रम, एवढं त्यांनी सांगितलं आणि स्टूल पुसून पुढे केलं.

तिने पहिल्याच दिवशी सगळं मोजलं. दर सेकंदाला दहा लिटर पाणी. टाकी चौसष्ट मीटर उंचीवर, पाइपातल्या घर्षणाचे आणखी सहा मीटर, मिळून सत्तर. एवढं पाणी एवढं वर न्यायला सहा पूर्णांक सत्त्याऐंशी किलोवॅट लागतात, त्यात तडजोड नाही. पंप काही वाया घालवणार, मोटर काही वाया घालवणार. ते धरलं की तारेतून येणारी वीज अकरा पूर्णांक चौऱ्याहत्तर किलोवॅट असायला हवी. तिने मीटर लावला.

सहा पूर्णांक चाळीस.

तिने चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. पंप नि मोटर यांचं वाया जाणं सोडूनच द्या, नुसतं पाणी वर न्यायला लागतं तेवढीसुद्धा वीज मोटर घेत नव्हती. आणि पाणी तर वर पोचत होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि आपल्याच विनोदावर तिला किंचित हसू आलं. ऐकायला कोणी नव्हतं. मीटर खराब असणार. तिने दुसरा मीटर लावला. मग तिन्ही तारा वेगवेगळ्या तपासल्या. प्रवाहमापक खोटं बोलत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी ती वर टाकीवर गेली, मोठं पिंप लावलं आणि घड्याळ धरून ते भरू दिलं. दहा लिटर. दाबमापक बदलला. काटा पूर्वीच्याच आकड्यावर येऊन थांबला. सगळे आकडे बरोबर होते, फक्त ते एकमेकांशी जुळत नव्हते.

रात्री मुक्कामाच्या खोलीत तिने तूट काढली. मोटरचा जोर जितका पाण्यापर्यंत पोचत होता, त्यापेक्षा तीन पूर्णांक बारा किलोवॅट जास्त लागायला हवे होते. म्हणजे पंचेचाळीस टक्के पाणी पंप चढवतच नव्हता. ते पाणी वर नेणारं दुसरं काहीतरी होतं.

मोठ्या साहेबांना तिने सकाळी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मीटर सहा दाखवतोय ना, मग दहा हॉर्सपॉवरची मोटर लिहा आणि मोकळ्या व्हा. वीज जास्त खाल्ली तर चौकशी होते. कमी खाल्ली म्हणून आजवर कोणाची झाली आहे? ती म्हणाली, कारण सापडल्याशिवाय आपण लिहिणार नाही. साहेबांनी सुस्कारा सोडलेला तिला ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. टाकीत पडणारी धार एकसारखी नव्हती. असा पंप गरगर फिरून पाणी फेकतो. त्याची धार ताणलेल्या दोरीसारखी सलग यायला हवी. ही धार मध्येच जाड होई, पुन्हा बारीक. तिने घड्याळ लावलं. दर तीन पूर्णांक तीन सेकंदांनी एक उसळी. प्रत्येक उसळीत किती पाणी जास्तीचं येतं ते तिने काढलं.

पंधरा लिटर. दर वेळी पंधराच.

खाली आल्यावर तिने काकांना विचारलं, हा पंप यायच्या आधी वर पाणी कसं जायचं?

काका पान्याने नट आवळत होते. त्यांनी तो पूर्ण आवळला, हात पुसले आणि मग सांगितलं. माणसं न्यायची. पत्र्याचे डबे खांद्यावर घेऊन. बाया, पुरुष, सगळेच. एका बाजूने चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे, रांग तुटायची नाही. तीनशेच्या आसपास असतील. त्यांच्या आईनेही बावीस वर्षं पाणी वाहिलं होतं.

डबा केवढा होता, ते विचारायची तिला गरज वाटली नाही. तरीही तिने विचारलं.

“पंधरा लिटरचा,” काका म्हणाले.

“आणि पंप आल्यावर ती माणसं?”

यंत्र सुरू झालं त्या दिवशीही ती नेहमीसारखी डबे घेऊन आली होती, असं काका म्हणाले. सवयच ती. कोणी त्यांना येऊ नका असं सांगितलं नव्हतं आणि या असंही सांगितलं नव्हतं. दिवसभर पायऱ्यांवर बसून राहिली, पाइपात पाणी चढताना ऐकत. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. खालची झोपडी न् झोपडी रिकामी होती. चुलीतली राख तेवढी होती. कुठे गेली, हे कोणाला कळलं नाही, आणि वर नळाला पाणी येत होतं, त्यामुळे कोणी विचारलंही नाही.

“तुमची आई?”

“आई माझ्यापाशी राहिली. ताप होता तिला, म्हणून त्या दिवशी आली नव्हती. पुढे नऊ वर्षांनी गेली. आत, या खोलीत.”

तिने वहीत काहीही लिहिलं नाही. आकडा आणि गोष्ट यांत फरक असतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण त्या दिवसापासून तिला पायऱ्या वेगळ्या भासू लागल्या. पहिल्या दिवशी चारशे पायऱ्या चढताना तिने सात वेळा दम खाल्ला होता. यंत्रांची बॅग खांद्याला काचली होती. चौथ्या दिवशी ती एका दमात वर पोचली. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्यावर नऊ किलोचं ओझं, आणि धाप नाही. जणू कोणीतरी बॅगेला खालून हात लावला होता. पायऱ्यांवर ओल्या पत्र्याचा वास येई. दर थोड्या वेळाने शेजारून गार हवा सरके, माणूस जवळून गेल्यावर सरकते तेवढीच. आपण पायरीच्या कडेकडेने चालतोय, मधली जागा सोडतोय, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

तिला भीती वाटत नव्हती, आणि याचंच तिला नवल वाटलं. खोलीवर परतायची वेळ झाली की पाय निघत नसे.

तिने टाकीच्या तोंडाशी धारेचा चढ-उतार कागदावर रेघेने टिपणारं नोंदयंत्र बसवलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी त्याची रेघ तिने काढून बघितली. उसळ्या करवतीच्या दातांसारख्या सारख्या अंतरावर होत्या. फक्त एका ठिकाणी दात नव्हता. तिने बोट पुढे सरकवलं. सोळा मिनिटांनी पुन्हा एक दात नाही. आणखी सोळा मिनिटांनी पुन्हा. भरलेला डबा घेऊन या पायऱ्या चढायच्या आणि रिकामा घेऊन उतरायच्या, तर एवढाच वेळ लागेल. सोळा मिनिटांना तिने तीन पूर्णांक तीन सेकंदांनी भागलं. दोनशे एक्क्याण्णव. दोनशे एक्क्याण्णव माणसांची रांग गोल फिरते आहे, आणि तिच्यात एका माणसाची जागा मोकळी आहे. दोनशे नव्वद जणांनी ती मिटवली नव्हती. चाळीस वर्षं तशीच धरून ठेवली होती.

तिने ती रेघ काकांना दाखवली. त्यांनी खाचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती वर टाकीपाशी होती. ऊन चांगलं वर आलं होतं. वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता आणि तो मध्येच गप्प झाला. पाइपाला टेकलेल्या तिच्या हाताला पंपाची बारीक थरथर जाणवत होती, तीही थांबली.

पाणी थांबलं नाही.

धार बारीक झाली होती, पण येत होती. खाली पंपाच्या तोंडाशी एकमार्गी झडप होती. पंप बंद पडला की ती मिटते आणि पाइपात थेंबही चढत नाही. ती झडप तिने स्वतःच्या हातांनी तपासली होती. थोडा वेळ वाट बघून तिने फोन लावला.

“काका, पंप बंद केलात?”

“लाइट गेली. झाली पाच-दहा मिनिटं.”

“इथे पाणी येतंय.”

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

“येऊ द्या,” काका म्हणाले. “आपण कोण त्यांना थांबवणारे?”

तिने फोन खिशात ठेवला. पंपाचा आवाज नसल्यामुळे आता सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. पाणी भसकन पडे, शेवटी थोडं गळे, आणि मग पत्र्याचा हलका आवाज होई, रिकामा डबा झटकल्यासारखा. तीन सेकंद. पुन्हा भसकन, पुन्हा तो आवाज. कोणी घाई करत नव्हतं. कोणी थांबत नव्हतं.

मग एकदा काहीच पडलं नाही.

मोकळी जागा येऊन गेली. पुढचा डबा रिकामा झाला.

ती तिथेच उभी राहिली. सोळा मिनिटं तिने मोजली. जागा पुन्हा आली. या वेळी ती सावकाश आली असं तिला वाटलं. दाराशी आलेल्या माणसाने आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबावं, तशी.

वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी ओल्या पत्र्याचा वास अगदी जवळ आला.

तिने बॅग उचलली नाही.

ती पायऱ्या उतरू लागली. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. घड्याळाकडे बघायची सवय तिने त्या वेळीही मोडली नाही.

पहिलं वळण तिला आठवतं. दुसरं नाही.

भानावर आली तेव्हा ती पंपघराच्या दारात उभी होती. काका समोर टॉवेल घेऊन उभे होते. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजायला पाच मिनिटं होती. लाइट केव्हाच आली होती आणि नेहमीप्रमाणे बाराला मोटर बंद झाली होती, असं काकांनी सांगितलं. तिचे केस कोरडे होते, पँट कोरडी होती. फक्त डाव्या खांद्यावर शर्ट चिंब झाला होता, आणि त्याखाली एक आडवा लाल वळ उठला होता.

दुपारी तिने नोंदयंत्राची रेघ काढली. दहा एक्केचाळीसपर्यंत दर सोळा मिनिटांनी खाच होती. त्यानंतर ती यायला हवी होती तिथे आली नव्हती. पुढेही नाही. त्या दिवशी बाराला मोटर बंद झाल्यावरही बारा चाळीसपर्यंत दात उमटत राहिले होते, आणि सात वेळा ती जागा भरलेली होती.

त्या रात्री ती लहानपणी झोपे तशी झोपली.

अहवाल तिने दुसऱ्या दिवशी पंपघरातच बसून लिहिला. लागणारी वीज: अकरा पूर्णांक चौऱ्याहत्तर किलोवॅट. मोटर: पंधरा हॉर्सपॉवर, त्याहून लहान चालणार नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘प्रत्यक्ष मोजमापात तफावत आहे. कारण सापडले नाही.’ असं वाक्य तिने चोवीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. साहेब नाराज होतील हे तिला माहीत होतं, आणि ते झालेही. पण लहान मोटर लिहायची म्हणजे उरलेला भार त्या माणसांनी कायमचा वाहायचा, असं कागदावर पक्कं करायचं. आणि ती सही करायला तिचा हात धजला नाही.

निघताना तिने काकांना आकडा सांगितला.

“म्हणजे पूर्ण ताकदीची,” काका म्हणाले.

“हो. कोणाच्या खांद्यावर भार नको.”

काका पायऱ्यांकडे बघत होते. “भाराचं काय हो, मॅडम. रिकाम्या हातांनी बसणं त्याहून जड.”

ती बसमध्ये बसली आणि गाव मागे पडेपर्यंत टेकडीकडे बघत राहिली.

पुढचे चार महिने ती नेहमीसारखी ऑफिसला गेली, घरी आली. अलीकडे तिला थकवा फार येई. सुट्टीच्या दिवशी सकाळी जरा पडावं म्हणून आडवी व्हायची आणि जाग यायची ती दुपार झाल्यावर, अंग मोडून आलेलं असायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. ‘एकट्या राहता का?’ एवढं त्यांनी विचारलं आणि कसल्याशा गोळ्या लिहून दिल्या. भावाने आग्रह केला, ताई, चार दिवस आमच्याकडे ये. ती बघू म्हणाली.

एका सोमवारी दुपारी ती टेबलावर जेवणाचा डबा उघडून बसली असताना काकांचा फोन आला. त्यांनी आपणहून कधी फोन केला नव्हता. नवी मोटर बसली, असं त्यांनी सांगितलं. पंधराचीच. चांगली चालते, आवाज करत नाही.

“मीटर किती दाखवतो?” तिने विचारलं.

काका आता मीटरवरचे आकडे वाचायला शिकले होते. काल सकाळी सहा पूर्णांक अडतीस होता, ते म्हणाले.

पूर्वी सहा पूर्णांक चाळीस होता. दोन शतांश कमी. दुसऱ्या कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. एका माणसाच्या वाट्याला किती भार येतो, हे तिने कधीच काढून ठेवलं होतं. वही उघडायची गरज नव्हती.

“बरं,” ती म्हणाली.

काका फोन ठेवत नव्हते. घसा खाकरून त्यांनी हळूच विचारलं, “काल वरच्या वळणावर तुमचा पाय घसरला. फार लागलं नाही ना?”

आजूबाजूला टाइपिंगचा आवाज चालू होता. चार महिन्यांत तिने शहराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. काल रविवार होता. ती दिवसभर घरात होती, झोपलेली. तिने टेबलाखाली वाकून उजव्या पायाची पँट वर सरकवली. गुडघा खरचटला होता. जखम ताजी होती आणि तिच्यात दगडाची बारीक कच अडकलेली होती.

आपल्याला लागलं का, असं विचारून कोणी उत्तरासाठी थांबलं, याला किती दिवस झाले ते तिला आठवेना. पलीकडे काका थांबले होते.

“नाही काका,” ती म्हणाली. “फार नाही.” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “पाणी सांडलं का हो?”

“नाही,” काका म्हणाले. “मागच्याने धरला डबा.”